किल्लीचे वारस

गुप्ततेविषयी बोलताना आपण सहसा झाकण्याचा विचार करतो; उघडण्याचा विचार त्या मानाने कमी होतो. वास्तविक कुलूप ही वस्तू किल्लीवाचून अपुरी. जे कुणालाच उघडता येत नाही त्याला गुपित म्हणावे की नष्ट झालेले म्हणावे, हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्यापुढे अगदी व्यावहारिक स्वरूपात उभा राहिला.

नाशिकात आम्ही साहित्याचे चार अध्यापक दिंडोरी-इगतपुरीकडच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करीत आलो. आमच्यातले ज्येष्ठ सर गेले, तेव्हा दोन वर्षांची मुद्रणे त्यांच्या कुलूपबंद डिस्कवर होती. पासवर्ड कोठे लिहू नये, कुणास सांगू नये, हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम त्यांनी व्रतासारखा पाळला होता. डिस्क आमच्या हाती आहे, फायली शाबूत आहेत, आणि त्यांतली एकही ओवी आम्हांला ऐकता येत नाही. ओव्या म्हणणाऱ्यांपैकी दोघी आता हयात नाहीत.

नाशिककरांना हा अनुभव तसा परका नसावा. पांडवलेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे त्याने ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. २,००० वर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर शेकडा पाऊण असे व्याजही त्यात नोंदले आहे. हा मजकूर लपवण्यासाठी कोरलेला नव्हता. सर्वांनी वाचावा म्हणून तो दगडावर आला. तरीही ब्राह्मी वाचणारे उरले नाहीत आणि उघड्यावरचा हा व्यवहार शतकानुशतके मुका झाला. जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ब्राह्मीची उकल केल्यावर अशा लेखांना पुन्हा वाचा फुटली.

महानुभावांची गोष्ट याच्या उलट आहे. त्यांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जाणूनबुजून बंद केले. सकळ लिपीत ठरलेल्या रीतीने एका अक्षराच्या जागी दुसरे येते. बाहेरच्याला ‘लीळाचरित्र’ कळू नये अशी ही योजना. पण पंथात ती गुरूकडून शिष्याकडे जात राहिली आणि ग्रंथ जिवंत राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली प्रसिद्ध केली आणि हे वाङ्मय अभ्यासकांसमोर खुले झाले. उघडा लेख वारसांअभावी बंद झाला आणि बंद ग्रंथ वारसांमुळे टिकला, ही तुलना आम्हांला विचारात पाडणारी वाटली.

मात्र सकळ लिपीत पद्धत हीच किल्ली होती. ती कळली की सारे उघडे. १८८३ मध्ये ऑग्युस्त केरकॉफ या भाषांच्या अध्यापकाने असे मांडले की, संकेताची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुप्त राहावी ती केवळ किल्ली. या तत्त्वावर चालणारी ‘पास’ नावाची आज्ञावली आम्ही आमच्या संगणकांवर बसवली. जेसन डोनेनफेल्ड यांनी ती २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. तिची संहिता कुणालाही वाचता येते. चित्रे नाहीत, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर ‘सुडो अॅप्ट इन्स्टॉल पास’ एवढी ओळ लिहिली की उबुंटूवर ती येऊन बसते. त्यानंतर जीपीजी या साधनाने प्रत्येकाने आपापली किल्लीची जोडी तयार केली. त्यातली एक उघडी, कुणालाही द्यावी अशी. तिने बंद करता येते. दुसरी खासगी, तिनेच उघडते. जोडी घडत असताना संगणक सुचवतो की माउस हलवा, कळफलकावर काहीतरी टंकत राहा. त्या निरर्थक हालचालींतूनही किल्लीला लागणारी यदृच्छा गोळा होते. अर्थाच्या शोधात हयात घालवणाऱ्यांना हे थोडे गमतीचे वाटले.

आमच्या कामाची गोष्ट यापुढची. ‘पास इनिट’ या आज्ञेपुढे एकाऐवजी तिघांच्या किल्ल्यांच्या खुणा लिहिता येतात. मग प्रत्येक पासवर्ड स्वतंत्र फाईलमध्ये असा बंद होतो की तिघांपैकी कुणीही एकटा तो उघडू शकतो. कुणी कुणाला आपले गुपित सांगावे लागत नाही, आणि एकाच्या जाण्याने दार कायमचे मिटत नाही.

यात उणिवा आहेत. फाईलचा मजकूर झाकला जातो, पण तिचे नाव उघडेच राहते. म्हणून नावे जपून द्यावी लागतात. कुणाची किल्ली यादीतून काढली तरी त्याच्याजवळच्या जुन्या प्रती त्याला वाचता येतातच. तेव्हा पासवर्डच बदलावे लागतात. एकदा सांगितलेले परत घेता येत नाही, हा माणसांतला नियम यंत्रानेही मोडलेला नाही. म्हणूनच वारस निवडणे हे तंत्राचे काम नाही, विश्वासाचे आहे.

आम्ही तिघेही पन्नाशी ओलांडलेले. यादीत चौथी किल्ली आता एका विद्यार्थिनीची आहे. पुढची मुद्रणे जात्याजवळ बसून तीच करणार आहे.