नेम आणि उलटतपासणी

औषधाची गोळी पाण्याबरोबर गिळली की कर्तव्य संपते. घरी करावयाच्या व्यायामाचे तसे नाही. त्यासाठी मनाला दररोज नव्याने वळवावे लागते. दुसऱ्यांची मने वळविण्याच्या धंद्यात आम्ही आयुष्याची वीस वर्षे घालविली, तरी स्वतःच्या घरात कसे हरलो, त्याची ही हकीकत आहे.

२०२३ च्या पावसाळ्याच्या आरंभी आमच्या आईच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. वय पंचाहत्तरीपुढचे, सांधे झिजलेले. तूर्त शस्त्रक्रिया नको. मांडीचे स्नायू बळकट झाले की ते गुडघ्याला आधार देतील, असे डॉक्टरांनी सांगितले. फिजिओथेरपीच्या बाईंनी सात व्यायामांचा सचित्र कागद हाती दिला. घरी येताच तो कॅलेंडरच्या मागे अडकला आणि तेथेच त्याला समाधी मिळाली.

आम्ही कोर्टातून परतलो, की वहाणा काढण्यापूर्वीच विचारीत असू, "आई, व्यायाम केलास?"

"केलो रे पुता," असे उत्तर येई. मग कोणता, किती वेळा, पाय किती उचललास, अशी आमची उलटतपासणी चाले. एके दिवशी काही कारणाने कपाट उघडले, तो गुडघ्याखाली गुंडाळून घ्यावयाचा टॉवेल पंधरा दिवसांपूर्वी ठेवला तसाच, घडी न मोडलेला! मुद्देमाल हाती लागला. आम्ही तो आईपुढे धरला. तिने मान खाली घातली, आणि आम्हांला आमच्या विजयाची लाज वाटली. जी बाई उभ्या आयुष्यात कोणाशी खोटे बोलली नाही, तिला आमच्या प्रश्नांनी खोटे बोलावयास लावले होते.

पुढच्या खेपेस हा प्रकार त्या बाईंच्या कानी घातला. त्यांनी आईला "का करीत नाही?" असे विचारले नाही. "गुडघा सुधारला, तर काय करायची इच्छा आहे?" असे विचारले. आई म्हणाली, "सोमवारी मंगेशीला पालखीच्या मागून चालायचे आहे. दोन वर्षे मी बसूनच बघते." तिच्या शेजारी बसून दोन वर्षे पालखी पाहणाऱ्या आम्हांला ही इच्छा ठाऊक नव्हती! मग दुसरी गोष्टही निघाली. जमिनीवरून तिला उठवत नव्हते; आणि व्यायाम करताना दुखले, की सांधा आणखी झिजतो अशी तिला भीती वाटे. जिला आम्ही आळस समजलो, ती भीती होती. थोडे दुखणे म्हणजे इजा नव्हे. दुखणे वाढत राहिले किंवा सूज आली, तर व्यायाम कमी करून मला कळवा, असे बाईंनी समजाविले. सातांचे तीन व्यायाम केले, तेही खुर्चीचे: बसून पाय सरळ करून धरणे, हातांचा आधार न घेता उठणे, आणि खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणे.

वेळ आईनेच ठरविली. दिवेलागणीला समई लावली, की लगेच खुर्ची. मोजदादही तिचीच. लक्षवातींचे व्रत केलेली ती बाई. व्यायाम झाला, की कापसाची एक वात वळून पितळी डब्यात टाकू लागली. आम्ही न्यायासनावरून खाली उतरलो, विचारणे सोडले, आणि आखडलेली स्वतःची पाठ घेऊन शेजारी दुसरी खुर्ची मांडली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण सांगितलेले उपचार पाळतात. तेव्हा दोष एकट्या आमच्या आईला कसा द्यावा?

चवथीला घर पाहुण्यांनी भरले आणि आठ दिवस डब्यात वात पडली नाही. "नेम मोडला. आता काय!" असे म्हणून आईने डबा फळीवर ठेवला. लंडनमध्ये ९६ माणसांवर झालेला, २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आम्ही वाचला होता. नवी सवय अंगवळणी पडावयास कोणाला १८ दिवस, तर कोणाला २५४ दिवसांपर्यंत लागतील असे त्यात दिसले. मधला आकडा ६६ दिवसांचा होता, आणि एखादी खेप चुकल्याने सवय जडण्यात फारसे बिघडत नव्हते. आठ दिवस म्हणजे एक खेप नव्हे, हे खरे. पण बाईंनीही तेच धोरण सांगितले: थोडे मागून धरा, पण पुन्हा धरा. आम्ही आईला एवढेच म्हटले, "आज माझी पाठ दुखते आहे. बसतेस का माझ्याबरोबर?" ती बसली.

जानेवारी २०२४ मधल्या एका सोमवारी सायंकाळी, वाद्यांच्या गजरात पालखी निघाली, तेव्हा आई काठी घेऊन तिच्यामागून चालू लागली. अर्ध्या वाटेवर ती थांबली आणि कठड्यावर बसली. पालखी पुढे गेली. आमचा चेहरा उतरलेला पाहून तीच म्हणाली, "उरलेली पुढच्या सोमवारी."

त्या रात्री घरी परतावयास उशीर झाला होता. तरी समई लावून आईने खुर्ची ओढली. डब्यात किती वाती जमल्या होत्या, ते आम्ही विचारले नाही.