उंबरठ्यावरचा उजेड

वडिलांचे एकच छायाचित्र आमच्या घरी आहे. ते गेल्यावर मतदार ओळखपत्रावरून आम्ही ते मोठे करून घेतले. ओळखपत्रावरचे चित्र अंगठ्याएवढे. ते भिंतीच्या मापाचे केल्यावर वडिलांचा चेहरा ठिपक्याठिपक्यांत विरघळला आणि उरले ते अनोळखी माणसासमोर ताठ बसवलेल्या शेतकऱ्याचे दचकलेले डोळे. वर्ध्याच्या काळ्या मातीत जन्मभर राबलेला, बैलांशी बोलणारा माणूस त्या चौकटीत कुठेच नाही. आईच्या वाट्याला असे चित्र येऊ नये, एवढ्याच हेतूने चाळिशी उलटल्यावर मी एक जुना कॅमेरा विकत घेतला.

कॅमेरा हाती आला की छायाचित्र काढता येते, हा समज पहिल्याच दिवशी फिटला. देवळी तालुक्यातल्या आमच्या शेतात कापसाची वेचणी सुरू होती. पऱ्हाटी फुटून शेत पांढरेशुभ्र झाले होते. माय (आम्ही आईला मायच म्हणतो) कमरेला फडके बांधून बोंडे वेचत होती. भर दुपारी मी वीस-पंचवीस चित्रे घेतली. घरी येऊन पाहतो तो कापूस राखेसारखा करडा आणि पदराखालचा मायचा चेहरा कोळशासारखा काळा. शिवाय प्रत्येक चित्रात ती हात बाजूला सोडून, ओठ मिटून, वडिलांसारखीच ताठ उभी. मी कॅमेरा उचलला की ती म्हणायची, ‘‘आता काहून काढतं फोटो? लुगडं तरी बदलू दे बाप्पा.’’

तालुक्याच्या गावी लग्नांची छायाचित्रे काढण्यात आयुष्य घालवलेले एक वृद्ध गृहस्थ राहतात. माझी चित्रे पाहून ते हसले नाहीत. ‘‘कॅमेऱ्याला पांढरं ठाऊक नसतं,’’ ते म्हणाले. समोर काहीही असो, त्याची सरासरी मध्यम करडीच असणार, असे आतला प्रकाशमापक गृहीत धरतो. पांढरे शेत दिसले की त्याला वाटते, उजेड फार झाला. मग तो उजेड कमी करतो आणि कापसाची राख होते. म्हणून पांढरे पांढरेच दिसावे असे वाटत असेल, तर यंत्र सांगते त्याहून अधिक उजेड आत घ्यावा लागतो. यंत्राचे ऐकायचे, पण आपण काय पाहत आहोत हे विसरायचे नाही, हा माझा पहिला धडा.

दुसरा धडा त्यांनी ओलिताच्या भाषेत दिला. पाटाचे तोंड किती उघडायचे, ते छिद्र. पाणी किती वेळ सोडायचे, ती शटरची गती. जमीन किती लवकर भिजते, ती संवेदनशीलता. तिन्हींचा मेळ बसला तर पीक येते. छिद्राच्या आकड्यांनी मात्र मला बरेच दिवस छळले. ८ पेक्षा ५.६ हा आकडा लहान, तरी त्याचे छिद्र मोठे कसे? ते म्हणाले, ‘‘हा भागाकार आहे. चतकोर भाकर अर्ध्या भाकरीपेक्षा लहानच की.’’ ८ वरून ५.६ वर आले की उजेड दुप्पट येतो; मग १/६० सेकंदाऐवजी १/१२५ सेकंद पुरतो. पण छिद्र मोठे केले की मागचे-पुढचे धूसर होते, वेळ वाढवला की हललेला हात पुसट होतो आणि संवेदनशीलता चढवली की चित्रावर कण उमटतात. काही मिळवायचे तर काही सोडावे लागते, हे शेतकऱ्याच्या मुलाला वेगळे सांगावे लागले नाही.

‘‘घरातल्या उजेडाचा फोटो शिकायचा असेल, तर सेवाग्रामला जाऊन नुसते बसा,’’ असे सांगून त्यांनी माझी पाठवणी केली. कॅमेरा पिशवीतच ठेवून मी बापूकुटीत बसलो. मातीच्या भिंती, वर कवेलूंचे छप्पर, बाहेर रणरणते ऊन आणि आत शांत, मऊ अंधार. दारातून येणारा उजेड जमिनीवर उतरून तिथून हळूहळू भिंतीवर चढत होता. इथेच एक तरुण छायाचित्रण शिकला, हे मी तोवर वाचले होते.

गांधीजी १९३६ मध्ये शेगावी राहायला आले. त्याच गावाचे पुढे सेवाग्राम झाले. त्यांचे पुतणे नारणदास यांचे चिरंजीव कनू गांधी आश्रमात लिखापढीची कामे करीत. १९१७ सालचा जन्म. म्हणजे ऐन विशीतला मुलगा. त्याला कॅमेऱ्याची ओढ लागली. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या १०० रुपयांतून रोलीफ्लेक्स कॅमेरा आला. गांधीजींनी परवानगी दिली ती तीन अटींवर : कृत्रिम प्रकाशझोत वापरायचा नाही, ‘असे बसा’ म्हणून सांगायचे नाही आणि आश्रम या कामासाठी पैसे देणार नाही.

प्रथमदर्शनी या अटी अडथळ्यांसारख्या वाटतात. नवशिक्याला आधाराला असतो तो प्रकाशझोतच. तोच काढून घेतला. पांढरी खादी आणि सावळी अंगकांती एकाच चौकटीत सांभाळायची, म्हणजे माझ्या कापसाचाच प्रश्न. तोही त्या काळच्या मंद फिल्मवर, अंधाऱ्या झोपडीत. त्या कॅमेऱ्यात एका गुंडाळीवर १२ चौकोनी चित्रे येत, आणि आश्रम पैसे देणार नाही म्हटल्यावर एकेक चित्र तोलूनमापूनच घ्यावे लागणार. कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून वरच्या काचेत पाहावे लागे, आणि तिथे डावे-उजवे उलटे दिसे. तरीही गांधीजींच्या अखेरच्या दशकाचे सर्वांत निकटचे चित्रण आपल्याला कनूंकडूनच मिळाले. कुटीत बसल्या बसल्या मला वाटले, हे त्या अटींमुळेच घडले असावे. उजेड आणता येत नाही, म्हणून उजेडाची वाट पाहावी लागते. माणसाला बसवता येत नाही, म्हणून त्याच्याजवळ राहावे लागते.

मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकी छायाचित्रकार १९४६ मध्ये गांधीजींचे चित्र घेण्यास आल्या, तेव्हा त्यांना आधी सूत कातायला शिकण्यास सांगण्यात आले होते. ते आठवून मी दुसऱ्या वेचणीला कॅमेरा बांधावर ठेवला आणि मायच्या शेजारच्या ओळीत बोंडे वेचू लागलो. नखांच्या कडा सोलल्या, कंबर धरली. सकाळचे दव असताना वेचलेला कापूस ओला भरतो, म्हणून माय ऊन चढायची वाट पाहते, हे मला तेव्हा कळले. काही दिवसांनी तिला कॅमेऱ्याचा विसर पडला.

त्या हंगामात एका रात्री अवकाळी पाऊस आला. पहाटे शेतात गेलो, तर फुटलेली बोंडे चिखलात लोळत होती. माय बांधावर बसली आणि ओला कापूस हातात घेऊन रडू लागली. उजेड उत्तम होता. ढगांतून गाळून आलेला, सावल्या नसलेला. छिद्र, वेळ, सारे मला आता येत होते. मी कॅमेरा डोळ्यापर्यंत नेला, आणि खाली घेतला. १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा मरणाच्या दारी असताना ते चित्र घ्यायला गांधीजींनी कनूंना मनाई केली होती. मला मनाई करणारे कोणी नव्हते. जवळ राहण्याचा जो हक्क मुलगा म्हणून मिळाला, तो छायाचित्रकार म्हणून वापरू नये, एवढेच तेव्हा वाटले. मी तिच्याशेजारी जाऊन बसलो.

मायचे चित्र मला पुढे माघात मिळाले. दुपार कलली होती. ती उंबरठ्याशी बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. दारातला उजेड तिच्या हातांवर, थोडा गालावर. बाकी घर अंधारात. मी काही बोललो नाही. एकच चित्र घेतले.

धाकट्या भावाने ते पाहून नापसंती दाखवली. ‘‘दादा, किती काळं आहे हे! भिंतीवर लावायचा फोटो असा असतो का?’’ मायने कागद दाराशी नेला, डोळ्यांजवळ धरला आणि बराच वेळ पाहत राहिली. तिच्या आईचे छायाचित्र कधीच निघालेले नाही. ती दिसायला कशी होती, हे आम्हा भावंडांना ठाऊक नाही. माय चेहऱ्याकडे पाहतच नव्हती. बोट हातांवर ठेवून ती म्हणाली, ‘‘हे तं माह्या मायचे हात हाय.’’