पाव किलोची वाटी

सासूबाई गेल्यावर दशम्या करायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली. मामंजी पंढरपूरला निघाले होते, आणि प्रवासात त्यांना दुसरं काही चालत नाही. सासूबाईंच्या वहीत लिहिलेलं : अर्धा किलो कणीक, पाव किलो काकवी, लागेल तसं दूध. मी दुधाच्या मापानं पाव लिटर काकवी ओतली. पाव लिटर म्हणजे पाव किलो, त्यात काय बघायचं!

दुधाचा थेंब न घालताही कणीक परातीला चिकटून बसली. वरून पीठ घालत गेले. दशम्या बाहेरून करपल्या, आतून कच्च्या. मामंजींनी अर्धी खाल्ली, "छान आहे हो" म्हणाले आणि उरलेली फडक्यात गुंडाळून ठेवली. ते 'छान' मला फार लागलं.

आठवीतले चिरंजीव म्हणाले, "आई, घनता!" मी पडले मराठीची बाई. मग दोघांनी मिळून काटा काढला. वाटीभर पाणी २०० ग्रॅम, तीच वाटीभर काकवी २८० च्या आसपास! मधाचंही असंच. म्हणजे पाव किलोला जेमतेम १८० मिलिलिटर पुरे. मी शंभरेक ग्रॅम जास्त ओतली होती.

मैत्रिणींनो, काकवी कमीजास्त घट्ट असते, तेव्हा वजनच करावं. परातच काट्यावर ठेवून तीत ओतावी, वाटीला चिकटून वाया जात नाही.

मामंजी परतल्यावर पुन्हा केल्या. या वेळी 'छान' वगैरे काही म्हणाले नाहीत. दुसरी मागितली.