धरलेले सुटेना

इंग्रजीतील 'क्लच' ह्या शब्दाचा मूळ अर्थ घट्ट पकडणे, मुठीत आवळणे असा आहे. यंत्रकारांनी तो मोटारीच्या एका भागास लावला आणि आम्ही मराठी माणसांनी तो जसाच्या तसा उचलला. परंतु उचलताना एक मौज झाली. गाडी शिकविणारा 'क्लच सोड' म्हणतो तेव्हा शिकाऊ मनुष्य हातातली दांडी सोडतो, आणि आत मात्र एंजिन व चाक एकमेकांस धरतात. 'क्लच दाब' म्हटले, की हाताने आवळायचे आणि आत सुटायचे! ज्या वस्तूचे नाव धरण्यावरून पडले, तिची निम्मी थोरवी सुटण्यात आहे, हे वर्षानुवर्षे गाडी हाकणाऱ्यांच्याही सहसा ध्यानी येत नाही.

न धरणाऱ्या क्लचाची तक्रार तत्काळ होते. चढावर एंजिन ओरडते आणि गाडी रेंगाळते. न सुटणारा क्लच मात्र चालत्या गाडीत अगदी सज्जनासारखा वागतो. थांबण्याची वेळ आली म्हणजे त्याचे खरे रूप कळते. दांडी पुरती आवळली तरी गाडी पुढे ओढतच राहते, न्यूट्रल सापडत नाही, आणि उभ्या गाडीस पहिला गिअर घालताच ती हिसका देऊन बंद पडते. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटण्याच्या सुमारास सायकली, रिक्षा आणि मालमोटारी ह्यांच्या दाटीत अशा गाडीवर बसणे हे धाडस नव्हे, अविचार होय.

हा विषय आमच्या पदरी पडला तो आमच्या थोरल्या बंधूंच्या बुलेटमुळे. बंधू कुपवाडच्या एका कारखान्यात नोकरीस होते. ते गेल्यावर गाडी पडवीत दीड वर्ष उभी होती; वहिनींनी ती विकूही दिली नाही आणि कोणास तिला हात लावू दिला नाही. पुढे पुतण्यास त्याच वसाहतीत रात्रपाळीची नोकरी लागली, तेव्हा गाडी बाहेर निघाली, आणि फाटकाशीच हिसका देऊन थांबली. सांगलीच्या एका गॅरेजवाल्याने नुसते ऐकूनच सबंध क्लच बदलावा लागेल असे सांगून जो आकडा काढला, तो ऐकून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तेवढ्यात पोराला दुसरी जुनी गाडी येईल. ही मग मोडीतच घाला." एवढे बोलून त्या आत गेल्या. पुतण्या आमच्याकडे पाहू लागला. आमचा सारा जन्म इंग्रजी काव्य शिकविण्यात गेला; तथापि घरात प्रोफेसर आहे म्हणजे त्यास सर्व काही ठाऊक असलेच पाहिजे, ही मध्यमवर्गीय कुटुंबांची श्रद्धा आहे, आणि तीस तडा देणे आमच्या जिवावर आले.

शेजारी एक वृद्ध फिटर राहतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावास सायकलचे दुकान काढले आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसविली. तेव्हापासून ह्या मुलखात लोखंडाशी सलगी असलेल्या माणसांची उणीव नाही. मिस्त्रींनी पाना हाती घेण्यापूर्वी विचारले, "सर, गाडी किती दिवस उभी हुती?" दीड वर्ष म्हणताच ते हसले. "मग उघडायची घाई नगं."

त्यांनी सांगितले ते येथे आमच्या शब्दांत देतो. क्लच म्हणजे एका डब्यात एकाआड एक रचलेल्या चकत्या. एक पोलादी, एक घर्षणाचे अस्तर लावलेली. स्प्रिंगा त्यांस एकत्र दाबून धरतात. दांडी आवळली की वायर ओढली जाते, गिअरपेटीच्या पोकळ दांड्यातून जाणारी सळई दाबपट्टीस रेटते, आणि चकत्यांमध्ये केसाएवढी फट पडते. ह्या केसावर सारा व्यवहार! तेलात बुडालेल्या अनेक चकत्यांचा क्लच विसाव्या शतकाच्या आरंभी ज्याच्या नावाने प्रसिद्धीस आला, तो हेल-शॉ लिव्हरपूलचा प्राध्यापक होता. हे वाचून आम्हांस आमच्या व्यवसायाविषयी थोडा अभिमान वाटला, हे सांगावयास हरकत नाही.

प्रथम वायर. दांडीस सुमारे 3 मिलिमीटर ढील असावी. येथे अर्धी ओढ ढिलाईतच जात होती. मिस्त्रींनी ती हळूहळू घेतली. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावताना तारेखालचा दोरा किंचित सरकवून कान देतो, तसे ते दांडी दाबून कान देत होते. ढील मुळीच न ठेवणेही वाईट, कारण मग क्लच पुरता धरीत नाही.

एवढ्याने दोष गेला नाही. तेव्हा एंजिन बंद ठेवून, दांडी आवळून किक मारावयास सांगितले. ह्या जुन्या गाडीत किकेचा जोर क्लचातूनच एंजिनाकडे जातो. चकत्या सुट्या असतील तर किक हलकी उतरली पाहिजे. ती जड उतरली. म्हणजे डबा फोडल्यावाचून निदान झाले: तेल आटून चकत्या एकमेकींस चिकटल्या होत्या. हा दोष कारखान्याचा नव्हे, निष्क्रियतेचा. चकत्या वाकल्या असत्या किंवा डब्याच्या खाचांत त्यांनी खड्डे पाडले असते, तर खर्च अटळ होता. पण ते ठरविण्यापूर्वी गाडी चौथ्या गिअरात घालून, दांडी आवळून मागेपुढे ढकलणे हा बिनखर्ची उपाय होता. पुतण्याने दांडी धरली, आम्ही मागून रेटले. आठदहा झटके फुकट गेले. मग आत काहीतरी 'टक्' वाजले, आणि गिअरात असूनही गाडी आमच्या हातून एकदम पुढे निसटली. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"गरम झाल्यावर पुन्हा ओढली तर प्लेटा वाकड्या. मग उघडू," मिस्त्री म्हणाले. पुतण्या विश्रामबागेपर्यंत जाऊन आला. गाडी ओढली नाही. नंतर तेल बदलले. गाडी पुन्हा पुष्कळ दिवस उभी ठेवावयाची झाल्यास दांडी मुठीशी आवळून बांधून ठेवावी, म्हणजे चकत्यांत फट राहते, असेही मिस्त्रींनी सांगून ठेवले.

पहिल्या रात्रपाळीस पुतण्या निघाला तेव्हा वहिनींनी त्यास एवढेच विचारले, "थांबते ना रे नीट?"

गेल्या महिन्यात कारखान्याने त्यास शिक्षणासाठी दीड महिना पुण्यास धाडले. आम्ही कुपवाडास गेलो, तो बुलेट पडवीत उभी, आणि क्लचाची दांडी जुन्या लुगड्याच्या काठाने मुठीशी आवळून बांधलेली. गाठ वहिनींनी स्वतः घातली होती. आम्ही पाहत आहो असे दिसताच त्यांनी ती ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "भाऊजी, जास्त आवळली तर नाही ना?"