फोटोसेलला टॉर्च

कर्जत, आषाढ

चि. भाचेबुवांस,

तुझा मेसेज मामाने जेवणानंतर वाचला आणि वामकुक्षी गेली ती गेलीच. एलडीओ तेलावरचा बॉयलर सकाळपासून सारखा लॉकआउट होतोय, रीसेट दाबला की दोन मिनिटं चालतो, पुन्हा हूटर, आणि प्रॉडक्शनवाले डोक्यावर बसलेत. इथवर मामाला काही वाटलं नाही. आषाढात खालापूर तालुक्यातला एखादा बर्नर रुसला नाही तरच नवल. पण शेवटची ओळ! ‘अटेंडंटने फोटोसेल बाहेर काढून टॉर्च दाखवला, लगेच चालू. भारी माणूस आहे.’ आणि पुढे अंगठा.

तो अंगठा आधी खाली घे.

बर्नर सुरू व्हायची रीत तू ट्रेनिंगमध्ये शिकला आहेस, तरी पुन्हा ऐक. आधी पंखा भट्टीतली जुनी हवा चिमणीतून बाहेर ढकलतो, अर्धा मिनिट किंवा अधिक, तो पर्ज. मग ट्रान्सफॉर्मर इलेक्ट्रोडवर दहा हजार व्होल्टच्या आसपासची ठिणगी पाडतो, सोलेनॉइड उघडतो, नोझलमधून तेलाचा फवारा सुटतो. पाचेक सेकंदांत फोटोसेलला ज्योत दिसली नाही, तर कंट्रोलर तेल तोडतो आणि कुलूप लावतो. पर्ज चालू असताना उजेड दिसला तरी तो पुढे जात नाही. ज्योत नसायला हवी तेव्हा दिसते, म्हणजे डोळाच बिघडलाय, इतकं त्याला कळतं. म्हणजे तुमच्या भारी माणसाने टॉर्च नेमक्या क्षणी लावला असणार. एवढं टायमिंग ज्याला जमतं, त्याला फोटोसेलची काच फडक्याने पुसायला जड जातं?

आता धोका. टॉर्चवर चाललेल्या बर्नरची ज्योत मध्येच विझली, तर कंट्रोलरला पत्ता लागणार नाही. सोलेनॉइड उघडाच राहील, तेल तापलेल्या भट्टीत पडत राहील, त्याची वाफ होत राहील. मग कुठल्याशा लाल झालेल्या विटेवर ती वाफ पेटते आणि भट्टीचं दार समोर उभ्या माणसासकट जातं. पुन्हा पुन्हा रीसेट दाबण्यातही हेच होतं: प्रत्येक फसलेल्या प्रयत्नामागे थोडं तेल आत साचतं, आणि पेटतं तेव्हा सगळं एकदम पेटतं. चिमणीतून पांढरा धूर येत असेल तर ते न जळलेलं तेलच वर चाललंय. काळा धूर म्हणजे हवा कमी; तेव्हा तेल निदान जळत तरी असतं. पांढरा वाईट. त्या वेळी रीसेटला हात लावायचा नाही. आपल्या अण्णांच्या उजव्या हाताला काय झालं, असं लहानपणी तू बोट दाखवून विचारायचास, ते आठव.

असो. रागावून झालं, आता कामाचं बोलू.

त्या टॉर्चने नकळत एक माहिती दिली आहे, ती फुकट घालवू नये. टॉर्च दिसल्यावर बर्नर चालला, म्हणजे फोटोसेल आणि कंट्रोलर जिवंत आहेत, ठिणगी पडते, तेल येतं. काच काजळीने बंद झाली असती तर पहिल्या पाच सेकंदांतच कुलूप पडलं असतं. तुमचा बर्नर दोन मिनिटं चालतो. याचा अर्थ ज्योत नीट लागते आणि मग डगमगते: मध्येच विझते, गरम विटांवर पुन्हा धरते. टॉर्च लावल्याने ते डगमगणं फक्त दिसेनासं झालं. डगमगायची कारणं फार नसतात. तेलाचा फिल्टर चोक, सक्शन लाइनच्या सांध्यातून हवा, झिजलेलं किंवा अर्धवट बंद झालेलं नोझल, हवेच्या डँपरची लिंक सैल. आणि पावसाळ्यात, सगळ्यांच्या आधी, तेलात पाणी.

पाण्यावर मामाचा संशय पक्का आहे. सावरोली-खारपाडा रस्त्याच्या पट्ट्यात पाऊस आडवा येतो. टाकीच्या व्हेंट पाइपाचं तोंड खाली वळवलेलं नसेल, डिपचं झाकण नुसतं ठेवलेलं असेल, किंवा टँकर भर पावसात रिकामा केला असेल, तर पाणी टाकीत जाणारच. एलडीओ पाण्याहून हलकं, म्हणून पाणी तळाशी बसतं. पातळी खाली आली, पंपाने तळ ओढला, की नोझलपर्यंत पाण्याचा घोट येतो. ज्योत तडतडते, विझते, फोटोसेल बोंब मारतो. (फर्नेस ऑइल वापरत असतात तर आणखी वैताग, ते जवळजवळ पाण्याइतकंच जड, पाणी लवकर वेगळं होत नाही, आणि फवारा नीट व्हायला ते शंभर अंशांवर तापवावं लागतं ते निराळंच.) पेट्रोलपंपावर डिपच्या काठीला पेस्ट लावून पाणी बघतात, तीच पेस्ट इथेही चालते. तुमच्या स्टोअरमध्ये नसेल. लेटरहेड मात्र तीन रंगांत छापलेलं असेल.

दुसरा संशय दमट हवेवर. इलेक्ट्रोडच्या चिनीमातीला केसाएवढी चीर असली, तर उन्हाळ्यात ती चालून जाते; पावसात ठिणगी टोकाला न पडता तिथूनच पळते. त्यात व्होल्टेज पडलं की ट्रान्सफॉर्मर आणखी मवाळ. खोपोलीच्या टाटांच्या वीजघरातून १९१५पासून मुंबईला वीज जाते, इकडे आपल्या कर्जत तालुक्यात भिवपुरीचं १९२२पासून आहे, दोन्ही घाटावरून पाणी पाडून, एकाही बॉयलरशिवाय. आणि त्याच डोंगरांच्या पायथ्याशी तुमच्या बॉयलर हाउसात सरी आल्या की ट्यूबलाइट मिणमिणते. पण ही ठिणगीची तक्रार सुरू होतानाची. तुमचा बर्नर चालता चालता पडतो, म्हणून आधी तेलच बघायचं. तुझ्या मेसेजमध्ये हूटर होता, प्रॉडक्शनवाले होते, फक्त बर्नर सायकलच्या कुठल्या टप्प्यावर पडला हे नव्हतं. ते ‘दोन मिनिटं’वरून मामाला शोधून काढावं लागलं. ताईचा पंपाचा स्टोव्ह धड पेटेना तेव्हा ती आधी पिन घालायची आणि मगच पंप मारायची. तुम्ही नुसता पंप मारताय.

मामाचं म्हणणं तुला पाठ आहे, तरी लिहितो: लॉगबुकात कारण लिहिल्याशिवाय रीसेट नाही. वेळ, टप्पा, धुराचा रंग, तेलाची पातळी, आणि मग बोट. कारण माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असं लिहा, त्यालाही हिंमत लागते. कुलूप हा बिघाड नसतो, बिघाड कळवणारा निरोप असतो, आणि निरोप्याला गप्प करायची ही जी सवय लागली आहे तिचा मामाला मनस्वी तिटकारा आहे. मोबाइल बंद करून चालू केला की बरा होतो, म्हणून तुम्हाला सगळंच तसं वाटतं.

बोरघाटातून उतरणारी गाडी बघ. घाटात कॅच सायडिंग आहेत. तिथले सांधे मुळातच सायडिंगच्या बाजूला लावलेले असतात. गाडी येऊन उभी राहिली, ब्रेक ताब्यात आहेत हे सिद्ध झालं, की मगच मुख्य रुळाचा रस्ता मिळतो. ठाकूरवाडीला, मंकी हिलला गाडी अशी उगाच थांबते म्हणून प्रवासी करवादतात. १ : ३७चा उतार आहे बाबा तो. तिथे कुणी सांध्याला टॉर्च दाखवत नाही.

ज्या १८६३ साली हा घाट रेल्वेला खुला झाला, त्याच वर्षी कलकत्त्यात एक बॉयलर फुटून माणसं मेली, आणि पुढच्या वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा आला. देशभराचा कायदा १९२३चा, आता त्याची जागा २०२५च्या नव्या कायद्याने घेतली. बाष्पके संचालनालयाचा इन्स्पेक्टर येतो, नळ्या बघतो, पाण्याच्या दाबाची चाचणी घेतो, सर्टिफिकेट देतो. रात्री अडीचला फोटोसेल कुणी काढला, ते त्याला कुठून दिसणार? आणि काही झालंच तर पेपरात एक ओळ, ‘बॉयलर फुटला’. डोंबिवलीत २३ मे २०२४ला स्फोट झाला तेव्हाही पहिल्या बातम्या बॉयलरच्याच होत्या. नंतर कळलं की तो रिॲक्टर होता. बॉयलर बिचारा बदनाम, त्याच्यावर बसवलेली कुलुपं कुणी काढली याची चौकशी क्वचित.

अटेंडंटवर ओरडू नकोस. तो कंत्राटी असणार, फीड पंप, सॉफ्टनर आणि टँकरची नोंदही त्याच्याच गळ्यात असणार, आणि स्टीम गेली की पहिली शिवी त्यालाच पडत असणार. त्याला टॉर्च कुणी शिकवला? गेल्या पावसाळ्यात ज्याने ‘काहीही कर, पण चालू कर’ म्हटलं, त्याने. तो तू नसावास, एवढीच मामाची आशा आहे.

आज तुझी नाइट आहे, हे ताईने सांगितलं. टॉर्चचं तिला बोललो नाही, तूही बोलू नकोस. शिफ्टला पोचल्यावर बॉयलर बंद करून घे, भट्टी नीट पर्ज होऊ दे, फोटोसेल जागेवर बसव. टाकीच्या तळाच्या ड्रेनमधून तेल काढून काचेच्या बाटलीत भर आणि तासभर हलवू नकोस. खाली पाणी बसलं तर तळ ड्रेन करा, फिल्टर खोला, नोझल साफ करा. नाही बसलं तर सक्शनचे सांधे बघा. बाटलीचा फोटो मामाला पाठव, कितीही वाजले तरी. आणि प्रॉडक्शनवाले ऐकेनात तर त्यांना थेट मामाचा नंबर दे.

तुझा
मामा