गळणे आणि गाळणे

सांगली शहरातून पश्चिमेकडे निघालेला प्रवासी आयर्विन पुलावर आला की त्याची नजर आपोआप खाली कृष्णेच्या पात्राकडे वळते. १९२९ साली खुला झालेला हा पूल सांगलीकरांच्या लेखी केवळ नदी ओलांडण्याचे साधन नाही. पावसाळ्यात नदीची उंची याच पुलापाशी मोजली जाते आणि "आयर्विनला किती फूट?" हा प्रश्न पेठेतल्या गादीपासून मळ्यातल्या वस्तीपर्यंत सर्वांच्या तोंडी असतो. चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीस फुटांना धोका, हे येथील शाळकरी मुलांनाही पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये ही उंची ५७ फुटांच्या पुढे गेली आणि हळदीच्या व गुळाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेले हे शहर काही दिवस पाण्यात उभे राहिले.

सांगलीच्या व्यापाऱ्याला महापुराची ओळख तशी नवी नव्हती. वारणा जेथे कृष्णेला मिळते त्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद साठविण्याची जुनी रीत होती. २००५ सालच्या पुराने ती पेवे नासविली आणि त्यांतला माल मातीमोल झाला. पेवात शिरलेल्या पाण्याने एक धडा तेव्हाच दिला होता. वरून अखंड दिसणारी वस्तू आतून कोठे उघडी आहे, हे पाणी बरोबर शोधून काढते.

पूल ओलांडून सांगलीवाडी मागे टाकली की रस्ता कृष्णा आणि वारणा यांच्या मधल्या सुपीक पट्ट्यात शिरतो. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनमधून सोयाबीन, आणि ठिकठिकाणी श्रावकांची जुनी वस्ती असलेली गावे. याच पट्ट्यातल्या समडोळी येथे १९२४ साली श्री शांतिसागर महाराजांना आचार्यपद प्राप्त झाले. २०१९ च्या पुरानंतर मात्र या रस्त्याने जाणाऱ्याला हिरवा रंग फारसा दिसला नाही. उसावर गाळाचा करडा थर चढलेला, भिंतींवर पाण्याची रेषा उमटलेली, आणि दारोदारी ओल्या गाद्यांचे व भिजलेल्या वह्यांचे ढीग पडलेले होते.

याच रस्त्याने, पूर ओसरल्यानंतर आठवड्याभरात, एका धर्मादाय न्यासाची जलशुद्धीकरण गाडी वारणाकाठच्या एका गावी येऊन उभी राहिली. गावाचे जॅकवेल बुडाले होते, मोटारी जळाल्या होते आणि नळयोजना बंद होती. गावाच्या उंच बाजूस एक बोअर तेवढी चालू होती, परंतु तिचे पाणी मुळातच खारवट. उसाला वर्षानुवर्षे वारेमाप पाणी दिल्याने या भागात जमिनीत क्षार वर आले आहेत आणि अनेक ठिकाणी भूजलही त्यातून सुटलेले नाही. त्यात पुराचे पाणी बोअरच्या तोंडावरून वाहून गेलेले. अशा पाण्यासाठी आर.ओ. यंत्र आवश्यक होते आणि ते या गाडीत होते.

गाडीची रचना समजण्यास सोपी होती. बोअरचे पाणी आधी वाळूच्या आणि मग कोळशाच्या फिल्टरमधून जाई, पुढे बारीक गाळणीतून उच्च दाबाच्या पंपाकडे येई आणि तेथून आर.ओ. पडद्यातून ढकलले जाई. तासाला हजार लिटर पाणी आत घेतले तर पाचशे लिटर पिण्याजोगे मिळे आणि क्षार घेऊन उरलेले पाचशे लिटर बाजूला निघे. हे खारे पाणी गावकरी वाया घालवत नसत. घरातला चिखल धुण्यास ते पुरेसे होते. शेवटी, शुद्ध पाणी टाकीत पडण्यापूर्वी एक लहानसा डोसिंग पंप त्यात क्लोरीनच्या द्रावणाचे मोजके थेंब सोडी. क्लोरीनने आर.ओ.चा पडदा खराब होतो, म्हणून त्याची जागा पडद्याच्या पुढे असते. आणि तो लागतोच, कारण पडद्यातून आलेले पाणी त्या क्षणी कितीही निर्मळ असले तरी टाकी, तोटी, घागर आणि हात या पुढच्या वाटेवर त्याला कोणी राखणदार नसतो.

गाडी गावात आणली ती अण्णांनी. बाजारपेठेतील भुसारी दुकान मुलाच्या हाती सोपवून निवृत्त झालेले अण्णा गावाच्या मदत समितीचे काम पाहत होते. त्यांच्याच शब्दावर न्यासाने ही गाडी इतर गावांच्या आधी येथे पाठविली होती. त्यामुळे सकाळी यंत्र सुरू झाले आणि पंपाच्या तोंडाशी असलेल्या सांध्यातून पाण्याची धार लागलेली दिसली, तेव्हा सर्वांत अधिक अस्वस्थ झाले ते अण्णाच.

चालकाने सांध्याखाली बादली ठेवली आणि मोठ्या पान्याने सांधा आणखी आवळला. धार थांबली नाही, उलट किंचित वाढली. रांगेत शंभराच्या वर घागरी होत्या. अण्णांनी व्यापाऱ्याच्या सवयीने हिशोब मांडला. तासाभरात मीटरप्रमाणे आवक हजार लिटर, शुद्ध पाणी पाचशे, खारे पाणी चारशे ऐंशी, आणि घट वीस लिटर. बादलीही जवळजवळ काठोकाठ भरलेली. आकडे जुळले तसा त्यांचा चेहरा निवळला.

"वीस लिटरची घट हजारात फार नाही. बादलीतले पाणीही धुण्याला जाईल. वाटप चालू ठेवा," असे त्यांनी सांगितले आणि वाटप चालू राहिले.

दोन तासांनी साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर तेथे आले. गावात त्यांना सारे मिस्त्री म्हणत. त्यांनी बादलीकडे एकदा पाहिले, सांध्यावर बोट फिरविले आणि मग जेथे थेंबही पडत नव्हता अशा यंत्राच्या मागच्या बाजूस जाऊन ते बसून राहिले. डोसिंग पंपाची टकटक नियमित चालू होती. क्लोरीनच्या कॅनमधून पंपाकडे जाणारी बारीक पारदर्शक नळी मात्र द्रवाने भरलेली नव्हती. तिच्यात हवेचे बुडबुडे एकामागून एक सरकत होते.

"अण्णा, हे कॅन सकाळी किती भरलं होतं?" मिस्त्रींनी विचारले.

"या खुणेपर्यंत."

"आत्ताही तेवढंच आहे."

आरोग्य केंद्राच्या आशाताई रांगेतच होत्या. त्यांच्या पिशवीत ओ.टी. चाचणीची बाटली होती. टाकीच्या तोटीचे पाणी नळकांडीत घेऊन त्यांनी थेंब टाकले. क्लोरीन असेल तर पाणी पिवळे व्हावयाचे. ते पांढरेच राहिले. दुसऱ्या तोटीचे पाणी घेतले, तेही तसेच राहिले.

अण्णांची तेरीज जुळली होती आणि तरीही खाते चुकलेले होते. जमाखर्च लिहिणाऱ्यांना हा प्रकार अपरिचित नाही. एखादी नोंद दोन्ही बाजूंना मुळीच झाली नाही तर तेरजेत फरक पडत नाही. जे वहीत आलेच नाही ते तेरीज दाखवीत नाही. पाण्याच्या तिन्ही मीटरांत क्लोरीनचा हिशोब नव्हता, आणि बादलीत पडणाऱ्या पाण्याने सर्वांचे लक्ष स्वतःकडे ओढून घेतले होते.

याचे कारण मिस्त्रींनी थोडक्यात सांगितले. पंपाच्या पुढच्या बाजूला दाब असतो, म्हणून तेथला सैल सांधा पाणी बाहेर टाकतो आणि सर्वांना दिसतो. पंपाच्या मागच्या बाजूला ओढ असते. तेथला सांधा सैल झाला तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत शिरते. असा सांधा कोरडा राहतो. पंप आवाज करतो, काम करीत नाही.

वाटप थांबवावे लागणार होते. परंतु त्याहून कठीण प्रश्न वेगळा होता. दोन तासांत हजार लिटर पाणी घरोघरी गेले होते. पडद्यातून आलेले म्हणून ते पाणी स्वच्छ असण्याचीच शक्यता अधिक, पण ते पुराच्या पाण्यात बुडून निघालेल्या भांड्यांत साठलेले होते आणि त्यात राखणदार नव्हता. ही गोष्ट गावाला सांगितली तर गाडीवरचा विश्वास उडेल आणि माणसे पुन्हा विहिरीकडे वळतील, असे समितीतील एकाने हळूच सुचविले. अण्णा क्षणभर गप्प राहिले. मग ते ग्रामपंचायतीत गेले आणि ध्वनिक्षेपकावरून स्वतःच बोलले: सकाळी नेलेल्या पाण्यात औषध पडलेले नाही, चूक आपली आहे, ते पाणी उकळून प्यावे किंवा आशाताईंकडून क्लोरीनचे थेंब घ्यावेत, आणि नवे पाणी दोन तासांनी मिळेल.

दुरुस्तीचे सामान गावातल्याच हार्डवेअरच्या दुकानातून आले. दुकानात छातीइतके पाणी चढून गेले होते. दुकानदार आणि त्याची सून अंगणात बसून नट, निपल आणि कोपरे टबात धूत होती. त्याने लागेल ते घेऊन जाण्यास सांगितले, पैशाचे नाव काढू नका म्हणाला. अण्णांनी बिल मागितले. "या घडीला तुमचं दुकान उभं राहणं हीसुद्धा मदतच आहे. दान पुढे कधी द्या. आज विक्री करा," असे ते म्हणाले. जुन्या वह्यांचा लगदा झालेला होता, तेव्हा नव्या वहीच्या पहिल्या पानावर या सामानाची नोंद झाली.

मिस्त्रींनी आधी जनरेटर बंद करविला, मग झडप उघडून दाबाचा काटा शून्यावर येऊ दिला. दाबाखालच्या सांध्याला पाना लावायचा नाही आणि ओल्या फरशीवर उभे राहून विजेच्या यंत्राला हात घालायचा नाही, या दोन गोष्टींत त्यांनी घाई चालू दिली नाही.

गळका सांधा उघडल्यावर दोष दिसला. लोखंडी निपल प्लास्टिकच्या कोपऱ्यात बसविलेला होता आणि रोज थोडा थोडा आवळल्याने कोपऱ्याला केसाएवढी चीर गेली होती. गळती दिसली की आवळण्याचा मोह होतो, परंतु प्लास्टिकच्या आत धातूचे आटे फिरविले की ते पाचरीसारखे काम करतात. मिस्त्रींनी कोपरा काढून धातूचा बसविला. आटे पुसून कोरडे केले आणि टेफलॉनची पट्टी आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने, पहिला आटा मोकळा सोडून, ताणून गुंडाळली. उलट गुंडाळलेली पट्टी आवळताना सुटून येते आणि तिचे तुकडे पुढे गाळणीत अडकतात. एकदा आवळलेला सांधा सरळ दिसावा म्हणून मागे फिरवायचा नाही, हेही त्यांनी चालकाला दाखविले.

खरे कारण सांध्याच्याही पलीकडे होते. घरातली नळजोडणी भिंतीत स्थिर असते, गाडीतली जोडणी खड्ड्याखड्ड्याला हादरते. पंपाचा थरथराट एकीकडे आणि ताठ पाइप दुसरीकडे, या ओढाताणीत कोणताही सांधा टिकत नाही. म्हणून पंप आणि पाइप यांच्यामध्ये जाळीदार आवरणाचा, दाब सोसणारा लवचीक होज जोडला गेला, पाइपाला दोन ठिकाणी रबर घालून क्लॅम्प बसले आणि पंपाखाली जुन्या टायरचे तुकडे सरकविले गेले.

फिल्टरच्या भांड्याचे रबरी कडे काढून त्याच्या खाचेतली रेती पुसली. एवढ्याशा कणानेही तेथे पाझर लागतो. भांडे हातानेच आवळले.

सर्वांत लहान काम शेवटी झाले. क्लोरीनच्या नळीचे टोक उन्हाने आणि द्रावणाने कडक होऊन नटाखाली ढिले पडले होते. मिस्त्रींनी ते दोन बोटे कापून टाकले. काप काटकोनात घेतला, नळी तळाशी टेकेपर्यंत आत सरकविली आणि नट बोटांनीच आवळला. पंप चालू करून नळीतला अखेरचा बुडबुडा निघून जाईपर्यंत ते तिच्याकडे पाहत राहिले. या कामास दहा मिनिटेही लागली नाहीत.

यंत्र पुन्हा सुरू झाले. प्रत्येक सांध्याखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवला गेला. कागदावरचा ओला ठिपका डोळ्यांच्या आधी गळती दाखवितो. अर्ध्या तासानंतरही कागद कोरडे होते. परंतु अण्णांनी तेवढ्यावर वाटपाला परवानगी दिली नाही. आशाताईंनी शेवटच्या तोटीचे पाणी नळकांडीत घेतले आणि थेंब टाकले. पाणी हळूहळू पिवळे झाले. मग घागरी पुढे सरकल्या. रांग सकाळपेक्षा लहान नव्हती, मोठीच होती.

त्या दिवसापासून गाडीत एक वही राहिली. पाण्याच्या तीन आकड्यांच्या बरोबरीने तीत चौथा रकाना आला: कॅनमधली क्लोरीनची पातळी, दर तासाला. त्याच्या पुढे ओ.टी.चा रंग आणि तपासणाऱ्याची सही.

श्रावकांच्या घरात पाणी गाळून घेण्याची रीत पिढ्यानपिढ्यांची आहे. घरातली मोठी माणसे फडके रोज उजेडाकडे धरून पाहत, कारण विरलेल्या फडक्यातूनही पाणी खाली पडतेच आणि गाळल्याचा भास होतो. मराठीत गळणे आणि गाळणे यांत एका कान्याचे अंतर आहे. यंत्र कितीही आधुनिक असो, ते अंतर राखण्याचे काम अखेर पाहणाऱ्याच्या डोळ्यांकडेच राहते.

संध्याकाळी गाडी सांगलीकडे परत निघाली. आयर्विन पुलावर माणसे कठड्याशी उभी राहून खाली पाहत होती. कृष्णा पात्रात परतली होती आणि खांबांवर तिने सोडलेली चिखलाची रेषा वर, फार वर, दिसत होती. चालकाने पुलापलीकडे गाडी बाजूला घेतली, मागचे दार उघडले आणि सांध्यांखालचे कागद एकेक करून हाताने चाचपून पाहिले. मग तो वाकला आणि क्लोरीनच्या नळीकडेही पाहून घेतले.