रिकामी जागा

दाढ काढून घरी आल्यावर डॉक्टरांची आज्ञा पाळणे तसे अवघड नव्हते. २४ तास चूळ भरायची नाही, जोराने थुंकायचे नाही. खळग्यात रक्ताची गुठळी धरते, तिच्या आडोशाने जखम भरते. ती निसटली की हाड उघडे पडते आणि ठणका सुरू होतो. गार मऊ भात गिळून मी मुकाट्याने पडून राहिलो. पण जीभ ऐकेना. एरवी दातांची विचारपूसही न करणारी ही बया घटकेघटकेला ती रिकामी जागा चाचपू लागली.

आई गेली तेव्हा घराचेही असेच झाले होते. ती असताना तिच्या खाटेकडे कोणाचे मुद्दाम लक्ष जात नसे. मागाहून मात्र जाता-येता सर्वांची नजर त्या कोपऱ्याकडे. हिरडी काही आठवड्यांत मिटते, आतले हाड भरायला महिने लागतात. त्या कोपऱ्यात कपाट ठेवावे, असे आमच्या घरात अजून कोणी म्हटलेले नाही.